दुसरं वाचन

ऑफिसात सर म्हणायचं आणि ऑफिसाबाहेर काका, हा नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी घालून दिला. एकदा कॉपी मशीनपाशी मी चुकून "काका, कागद संपलेत" म्हणाले, तर त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "सर" म्हटल्यावर लगेच उठून कपाटातून कागदांचा गठ्ठा काढून दिला. उलट संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये "गुड नाइट, सर" म्हटलं की गाडीचं दार उघडता उघडता थांबायचे आणि विचारायचे, "कुठले सर?" मी दुरुस्ती करेपर्यंत गाडीत बसायचे नाहीत. बाहेर बर्फ पडत असला तरी नाही.

अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या एका मोठ्या विद्यापीठात मी स्टॅटिस्टिक्समध्ये पीएच.डी. करायला नागपूरहून गेले होते. फी माफ व्हायची तर असिस्टंटशिप हवी होती, आणि आमच्या डिपार्टमेंटातल्या जागा माझ्यापेक्षा हुशार लोकांनी आधीच पटकावल्या होत्या. उरली ती खेळाडूंच्या अभ्यासकेंद्रातली. हे केंद्र फुटबॉल स्टेडियमच्या पायऱ्यांखाली होतं. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलाखतीत मी तसं सांगूनही टाकलं. समोर बसलेल्या किडकिडीत, साठीच्या गृहस्थांनी मला मराठीत विचारलं, "कुठली गं तू?" आणि मग इंग्रजीत, "यू स्टार्ट ऑन मंडे."

अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, त्यावर टाय आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या संपूर्ण इमारतीत विद्यापीठाच्या रंगाचा एकही कपडा अंगावर नसलेला तो एकच माणूस. तीस वर्षं एका ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर होते. तिथून निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी नोकरीसाठी व्हर्जिनियात ॲशबर्नला गेली. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी ही नोकरी धरली होती. त्यांच्याकडे एकच काम होतं. ज्युनियर कॉलेजमधून संघात आलेल्या मुलांचा अभ्यास.

ज्युनियर कॉलेज म्हणजे आपल्याकडची अकरावी-बारावी नव्हे. तिथे ती दोन वर्षांची छोटी कॉलेजं असतात. ज्यांचे मार्क कमी पडले, किंवा ज्यांच्या गावाकडे मोठ्या कोचची नजर वळली नाही, अशी मुलं आधी तिथे खेळतात. तिथे चमकली की मोठ्या विद्यापीठाचा संघ त्यांना उचलतो. त्या काळी खेळायला एकूण चार मोसम मिळायचे आणि त्यातले दोन तिथेच खर्ची पडलेले असायचे. म्हणजे इथे आल्यावर हातात फक्त दोन. शिकायला, चुकायला, नावारूपाला यायला आणि संपायला, सगळ्याला मिळून दोन.

या मुलांना ते "मिस्टर" लावून हाक मारायचे, आणि मिस्टरपुढे आडनावाऐवजी पहिलं नाव लावायचे. मिस्टर जॉर्डन. मिस्टर लूक. इंग्रजीत असं म्हणत नाहीत, हे मी त्यांना एकदा दबकत सुचवलं.

"आडनाव त्यांच्या पाठीवर छापलंय," ते म्हणाले. "ते अख्ख्या स्टेडियमला माहिती आहे. माझं काम दुसऱ्या नावाशी आहे."

सव्वाअकराला ते डबा उघडायचे. पोळी, भाजी आणि एका बारक्या डबीत लसणाची चटणी. कुणाला विचारायचे नाहीत. पण ज्याचा पेपर चांगला जाईल त्याला चमच्याच्या टोकावर चटणी मिळायची, पोळीच्या तुकड्यासकट. दीडशे किलोची मुलं त्या तुकड्यासाठी दारात अवघडून उभी राहायची, खायची, डोळ्यांत पाणी आणायची आणि पुढच्या पेपरला पुन्हा हजर व्हायची.

दर सोमवारी सकाळी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. "व्हॉट वॉज टू फास्ट?" या आठवड्यात काय फार वेगानं गेलं? मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, खेळाबद्दल विचारताहेत. मुलांनाही तसंच वाटायचं. सगळी सांगायची की इथे सगळंच वेगात चालतं. जुन्या कॉलेजात समोरचा गडी कुठे पळणार हे बघायला वेळ असायचा, इथे बघेपर्यंत तो निघून गेलेला असतो. काका मान डोलवायचे आणि थांबून राहायचे. मग हळूहळू बाकीचं बाहेर यायचं. प्रोफेसर स्लाइड बदलतात. रजिस्ट्रेशनची वेबसाइट. जेवणाच्या रांगेत पुढची मुलगी काय विचारते ते. वडिलांचा आजार. हे सगळं ते एका वहीत लिहून घ्यायचे. "काहीच नाही, सर, आय ॲम गुड," असं म्हणणाऱ्याला ते परत पाठवायचे आणि मंगळवारी पुन्हा बोलवायचे.

नवीन मुलगा आला की त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे त्याला एकदा चालवून आणायचे. स्टेडियमपासून पहिल्या वर्गापर्यंत, तिथून दुसऱ्या. प्रत्येक वर्गात जाऊन त्याला पुढून दुसऱ्या बाकावर बसायला लावायचे. स्वतः शेजारी बसायचे. रिकाम्या वर्गात टाय लावलेला एक काटकुळा म्हातारा आणि बाकात न मावणारा एक मुलगा, पाच मिनिटं काही न बोलता बसलेले. मी एकदा विचारलं, हे कशासाठी?

"मी शेवटच्या बाकावर बसलो होतो," ते म्हणाले.

मग पार्किंग लॉटमध्ये, काका झाल्यावर, त्यांनी सगळं सांगितलं. ते सांगलीकडचे. दहावीनंतर पॉलिटेक्निक, मेकॅनिकलचा डिप्लोमा, आणि मार्क चांगले म्हणून पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. वर्गातली मुलं वर्षभर एकमेकांना ओळखत होती. हे चौघे डिप्लोमावाले. त्यांना नावानं कुणी हाक मारायचं नाही, "ए डिप्लोमा" म्हणायचे. गणिताच्या पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर लिहायला सुरुवात केली आणि हे मागच्या वर्षी झालंय म्हणून तीन पायऱ्या गाळल्या.

"त्या तीन पायऱ्या मला अजून आठवतात," काका म्हणाले. "दोनदा नापास झालो त्यात. मी मठ्ठ नव्हतो गं. मी फक्त मागच्या वर्षी तिथे नव्हतो."

हे ऐकताना मला लाज वाटली, आणि ती मी त्यांना सांगितली नाही. नागपूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातही डिप्लोमाची मुलं होती. शेवटची दोन बाकं त्यांची. तीन वर्षांत मी त्यांच्याशी एकाच कारणासाठी बोलले, त्यांची ड्रॉइंगची शीट्स सुरेख असायची आणि मला ती ट्रेस करायला हवी असायची.

काका सामना मात्र कधी बघायचे नाहीत. डोक्यावर ऐंशी हजार माणसं ओरडत असायची आणि हे खाली मुलांच्या वह्या लावत बसलेले. टीव्हीवरही नाही. "बघायला लागलो तर पोरगा खेळतो कसा त्यावरून त्याला वागवीन," म्हणायचे. "इथे तेवढे सगळेच करतात."

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसले, नाहीतर चटणीवर थांबले असते.

ज्युनियर कॉलेजातून मुलगा आला की त्याने तिथे घेतलेले विषय इथल्या पदवीला चालतात की नाही, हे ताडून बघावं लागतं. पदवीचा ठरलेला हिस्सा पूर्ण झाला असेल तरच त्याला मैदानात उतरता येतं. ऑफिसात त्यासाठी सॉफ्टवेअर होतं. काकांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचे वडील भारतातल्या एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कारकून होते, आणि तिथे निकालाचे तक्ते जसे ताडायचे तसंच हे आमच्याकडे चालायचं. समोरासमोर दोन माणसं. एकानं जुन्या कॉलेजच्या गुणपत्रिकेतला विषय मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं आमच्या नियमांच्या पुस्तकात तो शोधून निळी खूण करायची. मग जागा बदलायच्या आणि खालून वर पुन्हा सगळं वाचायचं, या वेळी लाल खूण. हे दुसरं वाचन. वरून खाली वाचताना डोळ्यांना पुढचं आधीच माहीत असतं म्हणून खालून वर. निळी आणि लाल अशा दोन्ही खुणा असल्याशिवाय ते सही करायचे नाहीत.

टेरेल जानेवारीत आला. कॅन्ससच्या बाजूच्या कुठल्याशा गावातून, जिथे सामन्याला दोन-तीनशे माणसं आली तर गर्दी म्हणायचे. तो कॉर्नरबॅक होता. म्हणजे समोरच्या संघाचा सगळ्यात वेगवान गडी चेंडू झेलायला पळतो, त्याच्याकडे तोंड करून त्याच्या बरोबरीनं उलटं पळायचं आणि चेंडू त्याच्या हाती पडू द्यायचा नाही. वसंतातल्या सरावात टेरेलला रोज कुणीतरी मागे टाकून जात होतं. त्याच्या जुन्या कॉलेजात तो राजा होता. इथे तिसऱ्या फळीतल्या मुलांनीही त्याला पळवून पळवून दमवलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी काकांनी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला. त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "सगळं, सर. सकाळ पण."

काका हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं आणि त्याला भलतंच विचारलं. "मिस्टर टेरेल, उद्या खेळ संपला तर परवा सकाळी उठून काय करशील?"

बाकीच्यांप्रमाणे त्यालाही सरसकट 'जनरल स्टडीज'ला घातलं होतं, कारण त्यात जुने सगळे विषय चालायचे आणि कुणाला डोकं लावावं लागायचं नाही. काकांना त्याचा राग होता. तीन दिवसांनी टेरेल आला आणि चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाला की त्याला शाळेत इतिहास शिकवायचा आहे. काकांनी त्याच आठवड्यात त्याची पदवी बदलून शिक्षणशास्त्राला टाकली. आमच्या संचालक बाईंनी कपाळाला हात लावला. पदवी बदलली की जुने काही विषय गळतात. "गळू देत," काका म्हणाले. "किती गळले ते आम्ही मोजू आणि उन्हाळ्यात भरून काढू."

मोजायला आम्ही मे महिन्यात बसलो. पहिलं वाचन झालं. ते वाचत होते, मी निळ्या खुणा करत होते. टेक्निकल मॅथ नावाचा एक विषय आला, तीन क्रेडिटचा. मी पुस्तकात गणिताच्या रकान्यात नजर टाकली, तिथे गणित लिहिलेलं होतं, खूण केली. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा ॲशबर्नहून फोन आला. तिला दवाखान्यात नेलं होतं, बाळ तीन आठवडे आधी येणार होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान.

निघताना ते म्हणाले, "दुसरं वाचन एकटीनं करशील? खालून वर. झालं की सांग, मी तिथून ऑनलाइन सही करतो."

त्यांनी स्वतःचा नियम मोडल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. मी हो म्हटलं. माझी सोमवारी क्वालिफायिंग परीक्षा होती, जिच्यात नापास झालं की पीएच.डी. तिथेच संपते. तो कागद शुक्रवारपासून माझ्या बॅगेत होता. शनिवारी काकांचा फोन आला. नात झाली होती, आवाज ओला होता. मी अभिनंदन केलं.

"दुसरं वाचन झालं का गं?"

"हो काका, झालं."

परीक्षेनंतर करू, असं मी मनाशी ठरवलं होतं. परीक्षा पास झाले. मैत्रिणींबरोबर जेवायला गेले. त्यांची ऑनलाइन सही होऊन प्रकरण पुढे गेलं होतं, आणि झालेल्या गोष्टीला परत कशाला हात लावा, असं वाटून मी बॅगेतला कागद फाइलला लावून टाकला.

ऑगस्टमध्ये, मोसमाच्या पहिल्या सामन्याला नऊ दिवस असताना, विद्यापीठाच्या नियम विभागानं यादी पाठवली. टेरेल तीन क्रेडिटनी कमी पडत होता. शिक्षणशास्त्राला गणित लागतं, पण टेक्निकल मॅथ चालत नाही. पुस्तकात खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलं होतं. मे महिन्यात कळलं असतं तर उन्हाळ्यात एक विषय घेऊन सहज भरून निघालं असतं.

तोवर टेरेल तो टेरेल राहिला नव्हता. उन्हाळाभर तो पहाटे एकटा मैदानावर उलटं पळत असायचा. त्याला पहिल्या फळीत जागा मिळाली होती. पहिल्या सामन्याला आई बसनं येणार होती, तिनं रजा मंजूर करून घेतली होती. काकांनी त्याला खुर्चीत बसवून सगळं सांगितलं.

"मी कशात नापास झालो?" टेरेलनं विचारलं.

"कशातच नाही. तू सगळं पास झालायस."

"मग मी का खेळायचं नाही?"

काकांनी त्याला तो नियम दोनदा समजावला. त्याला नियम कळत होता. तो गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत राहिला, मग "येस सर" म्हणून उठून गेला. दार त्यानं हळूच लावून घेतलं. आदळलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग काकांनी फाइल काढली. कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर सगळ्या खुणा निळ्या होत्या.

"लाल खुणा कुठायत?" त्यांनी ऑफिसात असूनही मराठीत विचारलं.

मी कागद माझ्याकडे ओढला.

"तू फोनवर हो म्हणालीस."

"हो."

ते ओरडले असते तर मी रडले असते, आणि मग कदाचित सगळं बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. कागद परत फाइलला लावला आणि डबा न उघडताच बाहेर निघून गेले.

अशा वेळी सगळ्या विद्यापीठांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या वरच्या मंडळाकडे सवलतीचा अर्ज करता येतो. विद्यापीठाच्या माणसाच्या चुकीमुळे मुलगा अडकला, असं सिद्ध झालं तर त्याला खेळू देतात. संचालक बाईंना ते लेखी द्यायचं नव्हतं. विद्यार्थ्यानं वेळेत चौकशी केली नाही, असं मोघम लिहावं असं त्यांचं म्हणणं होतं. काका म्हणाले, पत्र मी लिहितो. एक पान, शब्दन् शब्द स्वतः टाइप केलेला. त्यात एक वाक्य होतं. 'दुसरं वाचन करण्याची जबाबदारी माझी होती आणि मी ते केलं नाही.'

मी ते वाचलं आणि त्यांच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "सर, हे खरं नाहीये. मी सांगते त्यांना."

"गप्प बस," ते म्हणाले. असं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. "मी तुला वाचवत नाहीये. अर्ज वाचवतोय. दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या की चौकशी बसते. चौकशी सहा महिने चालते. तोवर पोराचा मोसम संपला. एक माणूस, एक चूक, एक सही. वाचणाऱ्याला पाच मिनिटांत कळलं पाहिजे."

हे बरोबर होतं. आणि ते बरोबर आहे याचा मला जो आनंद झाला, तो मी अजून विसरलेले नाही. माझी असिस्टंटशिप, तिच्यावरची फी, फीवरचा व्हिसा, सगळं जागच्या जागी राहणार होतं, आणि शिवाय मी सांगायला तयार होते, असंही मला म्हणता येणार होतं. त्या रात्री मी छान झोपले.

काकांचा करार आठवड्याभरात संपवण्यात आला. चूक खरंच विद्यापीठाच्या माणसाची होती, याचा मंडळापुढे ठेवायला तोच तर पुरावा होता. जाताना एका खोक्यात सोमवारच्या वह्या, चटणीची डबी आणि टाय. मी खोकं गाडीपर्यंत नेऊ का विचारलं. "नको," म्हणाले.

अर्ज मंजूर व्हायला पाच सामने गेले. दोन मोसमांतले पाच सामने. सहाव्या सामन्यात टेरेल उतरला. मी तो लॅपटॉपवर बघितला, आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण सामना. दुसऱ्याच चालीत समोरचा गडी त्याला मागे टाकून गेला, आणि कॅमेऱ्यानं टेरेलचा चेहरा जवळून दाखवला. सहा आठवडे बाहेर बसलेल्या माणसाचा चेहरा होता तो. बाकीच्यांनी एवढ्या दिवसांत पाच सामन्यांचा वेग अंगात मुरवला होता, याची सुरुवात पुन्हा जानेवारीपासून. शेवटच्या पाव तासात त्यानं दोनदा चेंडू अडवला. मी उठून उभी राहिले, एकटीच, त्या खोलीत.

मला राहवलं नाही. काकांना फोन केला. "काका, टेरेल खेळला."

"स्कोअर सांगू नकोस," ते म्हणाले. "परवा क्लासला गेला का, तेवढं कळव."

"हो काका."

मग म्हणाले, "सर म्हण."

त्यानंतर दहा-अकरा वर्षं मी त्यांना दिवाळीला मेसेज पाठवत राहिले आणि दर वेळी सर लिहीत राहिले. त्यांचं उत्तर यायचं, दोन शब्दांचं. मी पीएच.डी. झाले, न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आले, एका औषध कंपनीत नोकरी, लग्न, मुलगा. त्या गोष्टीबद्दल मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले. शनिवारी ॲशबर्नला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमणार होते. मी चार तास गाडी चालवत गेले. हॉलमध्ये बरीच मंडळी होती, काकवा, मावश्या, शेजारी, त्यांची दहा वर्षांची नात. आणि मागच्या भिंतीला टेकून काळ्या सुटातला एक रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. मी ओळखलं. त्यानंही ओळखलं, मान हलवली.

मुलीनं त्याला बोलायला पुढे बोलावलं. टेरेल आता एका ज्युनियर कॉलेजात शिकवतो. सकाळी इतिहास, दुपारी फुटबॉल. तो म्हणाला, पुढे मी फार मोठा खेळाडू झालो नाही, पण परवा सकाळी काय करशील असं मला आयुष्यात या एकाच माणसानं विचारलं होतं. मग म्हणाला, "हा माणूस माझ्या बाबतीत एकदा चुकला. मोठी चूक होती. माझे पाच सामने गेले. पण त्यानं ती लिहून कबूल केली, आणि नोकरी घालवून बसला. माझ्याकडे दरवर्षी नवी मुलं येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना चेंडू देत नाही, ही गोष्ट सांगतो. माणूस चुकतो तेव्हा काय करतो, ते मी यांच्याकडून शिकलो."

हॉलमध्ये पुष्कळांनी डोळे पुसले. नात अभिमानानं आईकडे बघत होती. त्यांची चूक त्यांच्या नातीच्याही घरात जाऊन बसली होती, मोठेपणाची म्हणून, पण चूकच.

जेवण झाल्यावर लोक निघाले तेव्हा मी त्याला पार्किंग लॉटमध्ये गाठलं. सरळ सांगून टाकलं. दुसरं वाचन माझ्याकडे होतं. मी ते केलं नाही. ते झालंय असं मी त्यांना फोनवर सांगितलं. पत्रातलं ते वाक्य खोटं होतं.

तो ऐकत राहिला. त्याच्या हातात मुलीनं बांधून दिलेला खाऊचा डबा होता, तो त्यानं गाडीच्या टपावर ठेवला.

"म्हणजे ते चुकलेच नव्हते?"

"नाही."

"माझे पाच सामने तुझ्यामुळे गेले."

"हो."

"त्यांची नोकरी पण."

"हो."

त्यानं मला माफ केलं नाही, आणि मी माफी मागितलीही नव्हती. शेवटी म्हणाला, "सात-आठ वर्षं झाली ही गोष्ट मुलांना सांगतोय. ऑगस्टमध्ये नवीन बॅच येईल. आता त्यांना काय सांगू?"

मला वाटलं होतं, एवढं बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आता तेवढं एकच करण्यासारखं उरलं होतं.

"खरं काय झालं ते सांग," मी म्हटलं. "ज्यांचं काम बिनचूक होतं त्यांनी दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेतली, असं सांग. आणि ती कुणाची होती तेही सांग. माझं नाव घेऊन."

त्यानं खिशातून फोन काढला आणि माझ्याकडे जरा ओशाळून बघितलं. इतकी वर्षं त्याला माझं नाव माहीतच नव्हतं. तिथे मला सगळे 'स्टॅट्सवाली' एवढंच म्हणायचे.

मी नाव सांगितलं. त्याला ते कळलं नाही. मग मी एकेक अक्षर सावकाश सांगत गेले, आडनावासकट, आणि तो उभ्या उभ्या टाइप करत गेला.